हँडब्रेक ओढलाय ना?

गाडी पार्क करून मराठी माणूस लगेच निघून जात नाही. दार लावल्यावर तो दोन पावलं चालतो, थबकतो, परत येतो, काचेला नाक लावून आत बघतो आणि दार पुन्हा उघडून हँडब्रेक आणखी दोन दात वर ओढतो. कर्रर्र. तो आवाज ऐकला की त्याच्या चेहऱ्यावर समाधान पसरतं. समोर सोसायटीची भिंत, मागे खांब, खाली सपाट पेव्हर ब्लॉक. अशा जागेतून गाडी पळून जाईल तरी कुठे, हा प्रश्न त्याला पडत नाही. घराला लॅच, लॅचवर कडी, कडीला कुलूप आणि ते कुलूप तीनदा ओढून बघणं, हे ज्याच्या रक्तात आहे, तो गाडी नुसती उभी कशी करेल? तो तिला बांधून ठेवतो.

ओढायचे दात किती, हे गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं. पण ती पुस्तिका डॅशबोर्डच्या कप्प्यात प्लास्टिकच्या वेष्टनासकट असते आणि गाडी विकताना पुढच्या मालकाला तशीच मिळते. आमच्याकडचं मोजमाप एकच: खांद्यातून कळ आली की पुरे.

ही सगळी ताकद जाते कुठे, तर मागच्या दोन चाकांत. आपल्याकडच्या बहुतेक लहान गाड्यांना पुढे डिस्क ब्रेक असतात आणि मागे ड्रम. ड्रम म्हणजे बिडाचं उपडं भांडं. ते चाकाबरोबर फिरतं. त्याच्या आत अर्धगोल असे दोन ब्रेक शू, त्यांच्यावर लायनर. हँडब्रेक ओढला की गाडीच्या पोटाखालून जाणारी वायर ताणली जाते, आतला एक छोटा दांडा हलतो, शू फाकतात आणि लायनर ड्रमला आतून घट्ट धरतात. १९०२ साली फ्रान्समध्ये लुई रेनो यांनी ड्रम ब्रेकचं पेटंट घेतलं. त्या माणसाबद्दल मला आदर आहे. फक्त तो श्रावणात ठाण्यात राहिलेला नव्हता.

मुंबई-ठाण्यात जून ते सप्टेंबर २,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. पुढची डिस्क उघडी असते. तिच्यावर रात्रीतून तांबूस थर चढला तरी सकाळी चार फेऱ्यांत घासून निघतो. ड्रम मात्र झाकलेला. त्यात ओल शिरली की बाहेर पडायचं नाव घेत नाही. त्यातून लायनर ड्रमला दाबून धरलेले, म्हणजे जिथे वारा लागायला हवा तिथेच फट नाही. बिडाला गंज चढतो, तो गंज लायनरच्या खरखरीत अंगात शिरतो आणि दोघं एकजीव होतात. वर ओढलेला हँडब्रेक खाली केला तरी आत काही सुटत नाही. गाडीला सोडायचं की नाही, हा निर्णय तेव्हा मालकाच्या हातात राहिलेला नसतो.

पावसाला एकट्याला दोष देणं मात्र बरोबर नाही. सोसायट्यांत रोज सकाळी गाड्या पुसणारा मुलगा येतो. महिन्याच्या पैशांत अर्धी बादली पाणी आणि एक फडकं एवढाच हिशेब असतो. फडकं बोनेटवर फिरतं आणि उरलेलं पाणी कुठे टाकायचं म्हणून चारी चाकांवर सपकन मारलं जातं. मालक खिडकीतून बघतो आणि खूश होतो: चाकंसुद्धा धुतो हो, फार प्रामाणिक मुलगा. ज्या गाडीला महिनाभर पाऊस लागलेला नाही, तिलाही पावसाळा भोगायची सोय अशी घरबसल्या होते.

एरवी हे कळत नाही. गाडी रोज बाहेर जात असेल तर सकाळी निघताना मागून एक बारीक ‘टक्’ ऐकू येतं आणि सगळं मोकळं होतं. ऑफिसला लोकलने जाणाऱ्या माणसाची गाडी मात्र आषाढीला उभी राहते ती थेट गणपतीला हलते. म्हणजे तिने हलावं अशी अपेक्षा असते.

आमच्या इमारतीत तळमजल्यावर राहणाऱ्या एका कुटुंबाची ही अपेक्षा चतुर्थीच्या दोन दिवस आधी, पहाटे चार वाजता, संपूर्ण सोसायटीच्या साक्षीने भंगली. गाव रत्नागिरीच्या पुढे. गाडीत मखराचे भाग, टेबल पंखा, पितळी मोदकपात्र, टाळांची पिशवी, कांदे-बटाटे आणि त्या सगळ्याच्या मधे गळ्यापर्यंत शाल ओढून बसलेल्या आजी. नारळ फुटला, ‘गणपती बाप्पा मोरया’ झालं, इंजीन पहिल्या चावीत सुरू झालं. मालकांनी पहिला गिअर टाकला, क्लच सोडला. गाडी मागून फतकल मारल्यासारखी खाली बसली, एक हुंदका दिला आणि बंद पडली.

पुन्हा चावी, पुन्हा तेच.

चालू गाडीकडे कुणी बघत नाही. बंद गाडीला पाच मिनिटांत समिती मिळते. वॉचमन आला, दूधवाला थांबला, सेक्रेटरी बनियनवर आले. मीही मोबाइलचा टॉर्च धरून उभा होतो. त्या क्षणी तेवढंच खातं रिकामं होतं.

“बॅटरी उतरलीये,” एक काका म्हणाले. इंजीन त्यांच्या डोळ्यांदेखत सुरू होतं.

“पेट्रोल. इथेनॉल घालतात ना हल्ली,” दुसरे म्हणाले. पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आल्यापासून या वाक्याला आमच्याकडे कुणी हरकत घेत नाही. हॉर्न नीट वाजला नाही तरी ते चालतं.

“काल लिंबू-मिरची बदलली नव्हती का?” वरून गॅलरीतून आवाज आला.

“अहो, हँडब्रेक तर काढलाय ना?” सेक्रेटरींनी विचारलं. मालकांनी फक्त बोट दाखवलं. हँडब्रेक पार खाली होता आणि डॅशबोर्डवरचा लाल दिवा विझलेला होता. समितीने ती शक्यता तिथल्या तिथे निकालात काढली.

इथे त्या दिव्याबद्दल सांगितलं पाहिजे, कारण इतका विश्वास आपण माणसांवरही टाकत नाही. तो दिवा हँडब्रेकच्या दांड्याखालच्या एका बटणाला जोडलेला असतो. दांडा वर, दिवा चालू; दांडा खाली, दिवा बंद. मागे चाकात काय चाललंय याची त्याला गंधवार्ता नसते. दांडा आज्ञाधारकपणे खाली जातो, दिवा विझतो, आणि तिकडे शू ड्रमला मिठी मारून बसलेलेच असतात. फाइल पुढे पाठवली म्हणजे काम झालं, असं ज्या कार्यालयांत मानतात तिथली ही पद्धत आहे.

समितीत एक गृहस्थ रेल्वेतून निवृत्त झालेले. ते हात मागे बांधून गाडीभोवती एक फेरी मारून आले आणि म्हणाले, “ब्रेक बाइंडिंग.” रेल्वेत हा खरोखरीचा शब्द आहे. गाडीने ब्रेक सोडला तरी एखाद्या डब्याचे ब्रेक चाकाला धरून राहतात, चाक तापतं, धूर येतो. निदान अचूक होतं. पंचाईत एवढीच, की लिफ्ट मधेच अडकली तेव्हाही ते ‘ब्रेक बाइंडिंग’ म्हणाले होते आणि टाकीतून पाणी येईना तेव्हाही. त्यामुळे समितीने नेहमीप्रमाणे “हो हो” म्हटलं आणि ती इथेनॉलकडे परत वळली.

शेवटी दूधवाल्याने सगळ्यांना बाजूला केलं. “दादा, आधी रिव्हर्स टाका. हळू. मग फर्स्ट. परत रिव्हर्स. रेस नको.” घरी काही करायचं तर ते हेच. चिकटलेल्या लायनरला एकाच दिशेने ओढण्यापेक्षा पुढे-मागे हिसके दिले की गंजाचा सांधा तुटतो. क्लच जाळायचा नाही, इंजीन किंचाळवायचं नाही. मालकांनी मागे-पुढे, मागे-पुढे केलं आणि एकदम खालून ‘खट्ट!’ असा आवाज आला. गाडी हातभर पुढे सरकली. टाळ्या पडल्या. कुणीतरी पुन्हा मोरया म्हटलं.

ती हातभरच सरकली. उजवं चाक फिरत होतं. डावं न फिरता घसटत आलं होतं आणि ओल्या पेव्हर ब्लॉकवर काळा पट्टा उठला होता. एक ब्रेक सुटला होता, दुसरा नव्हता. रेल्वेवाले काका पट्ट्याकडे बघून फक्त खाकरले.

आता उपायांचा दुसरा हप्ता सुरू झाला. एका तरुणाने फोनवर व्हिडिओ काढला. त्यात एक गोरा माणूस चाकावर किटलीभर गरम पाणी ओतत होता. वहिनी पाणी तापवायला आत निघाल्यासुद्धा. तिकडे थंड देशांत ड्रममधलं पाणी गोठतं आणि लायनर बर्फाने चिकटतात. तिथे गरम पाण्याला अर्थ आहे. आपल्याकडे चिकटवणारा पदार्थ गंज आहे. त्याच्यावर पाणी ओतणं म्हणजे त्याला नाश्ता देणं. दुसऱ्याने गंज सोडवायच्या स्प्रेचा डबा आणला. बिजागरीला तो रामबाण, पण लायनरवर गेला तर चाक सुटेल आणि नंतर थांबणार नाही. घाटात ते फार उशिरा कळतं. गाडीतल्या गाडीत आजींनी खोबरेल सुचवलं. त्यामागचं तत्त्व स्प्रेवाल्याचंच होतं, फक्त वास बरा.

मग हेल्पलाइनला फोन झाला. पलीकडच्या मुलीने अत्यंत गोड आवाजात गाडीचा नंबर, मालकाचं नाव आणि जवळची खूण विचारली आणि टोचन करायला गाडी पाठवते म्हणाली. इथे मात्र वॉचमन पुढे आला. पुढची चाकं उचलून ओढणार असतील तर मागचं जाम चाक रस्त्यावर घासत जाईल, टायर जाईल, पाठवायची तर सपाट ट्रकवाली पाठवा, असं त्याने सांगितलं. आधी तो गॅरेजवर कामाला होता, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. इतकी वर्षं आम्ही त्याच्याशी फक्त पार्सलबद्दल बोलत होतो.

टोचनाची गाडी येण्याआधी मिस्त्रीच सात वाजता आला. खांद्यावर हत्यारांची पिशवी आणि हातात स्वतःची प्रवासाची बॅग, कारण दहाची एसटी त्यालाही पकडायची होती. त्याने इंजिनाकडे बघितलंसुद्धा नाही. पहिला प्रश्न विचारला, “किती दिवस उभी होती?” उत्तर ऐकलं. दुसरा प्रश्न: “जॅक कुठाय?”

जॅक डिकीत, स्टेपनीशेजारी, सगळ्या सामानाच्या खाली होता. तो नेहमी तिथेच असतो. मोदकपात्र उतरलं, पंखा उतरला, मखराचं प्रभावळीचं अंग उतरलं, टाळ खणखणत उतरले. गेल्या वर्षीच्या सहलीची हरवलेली एक चप्पलही मिळाली.

“आई, उतरा जरा. जॅक लावायचाय.”

“लाव की. मी काय चाकावर बसलेय?”

“गाडी उचलायचीये, आई.”

“नारळ फुटल्यावर उतरत नसतात.”

मिस्त्रीने मधे पडून सांगितलं, “आजी, तुम्ही आत असलात नि गाडी घसरली तर मी गावाला काय तोंड दाखवू?” आजी उतरल्या, मुलाच्या सांगण्याने नव्हे, मिस्त्रीच्या शब्दाला मान म्हणून. त्याने पुढच्या दोन्ही चाकांना अटकाव लावले, गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली. मागचं चाक हँडब्रेकने धरलेलं असतं तेव्हा त्याच चाकाला हवेत उचलताना पुढची बाजू पक्की हवी, ही साधी गोष्ट जॅक लावताना लोक हमखास विसरतात. चाक वर उचललं, हाताने फिरवून बघितलं. ढिम्म. “जाम चाकाचा एक फायदा,” तो नट खोलता खोलता म्हणाला, “पाना लावला की चाक फिरत नाही.”

चाक निघाल्यावर ड्रम दिसला: तपकिरी, खवलेदार, पाण्याचे ओघळ सुकलेला. मिस्त्रीने हातोडी घेतली. समिती एक पाऊल मागे सरली. त्याने जोरात एकही घाव घातला नाही. ड्रमच्या सपाट तोंडावर, बोल्टांच्या मधल्या जागेत, थोडं थोडं सरकत, ठण, ठण, ठण. कडेवर मारायचं नाही. बीड ठिसूळ असतं, कपरी उडते. ठोकताना तो कान देऊन ऐकत होता. एका ठिकाणी आवाज बदलला, ‘ठण’चं ‘ठप’ झालं, आणि ड्रमच्या कडेतून लाल भुकटीची एक बारीक धार खाली पडली. “सोडतोय,” तो म्हणाला.

तरीही ड्रम बाहेर येईना. तेव्हा त्याने पिशवीतून दोन बोल्ट काढले. बऱ्याच गाड्यांच्या ड्रमच्या तोंडावर दोन आट्यांची भोकं असतात आणि वर्षानुवर्षं गाडी चालवणारे त्यांच्याकडे बघून ती कशाला हा विचार करत नाहीत. त्यात बोल्ट आवळत गेलं की ते मागच्या हबच्या तबकडीला टेकतात आणि ड्रम स्वतःच स्वतःला बाहेर ढकलतो. एक फेरा इकडे, एक फेरा तिकडे; एकाच बाजूने पिळलं तर ड्रम तिरका होऊन अडकतो. ज्याने ही भोकं ठेवली त्या इंजिनिअरला चाक जाम होणार हे माहीत होतं. सावध लोक किती घट्ट ओढतील याचाही त्याला अंदाज असावा.

ड्रम हातात आला. आत लायनरचा आकार गंजात जसाच्या तसा छापला गेला होता. “नाक बाजूला घ्या,” मिस्त्री म्हणाला आणि त्याने ओल्या फडक्याने भुकटी पुसली. हे त्याचं मला फार आवडलं. गॅरेजमध्ये ही भुकटी फुंकर मारून किंवा हवेच्या पाइपने उडवायची पद्धत आहे; जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं आणि ते फुप्फुसांत गेलं की तिथेच राहतं. मग पॉलिश पेपरने ड्रमची आतली बाजू घासली, लायनरचा वरचा चकाकलेला थर खरवडला. व्हील सिलिंडरचे रबर उचलून बघितले, तेल गळत नव्हतं. नंतर त्याने मालकांना आत बसवून हँडब्रेक वर-खाली करायला लावला आणि स्वतः वायरवर बोट ठेवून पडला. वर ओढला की आतला दांडा पुढे यायचा. खाली केला तरी होता तिथेच राहायचा. वायर तिच्या नळीत गंजली होती. म्हणजे लायनर सुटते तरी ब्रेक लागलेलाच राहिला असता. त्याने टॉमीने दांडा मागे ढकलला, ड्रम चढवला, चाक हाताने फिरवलं. फिरलं, अगदी किंचित घासत, तसंच हवं.

“वायर गणपतीनंतर बदला. तोपर्यंत हँडब्रेकला हात लावायचा नाही.”

मालकांचा चेहरा पडला. चाक जाम झाल्याचं जेवढं दुःख झालं नव्हतं तेवढं हे ऐकून झालं. “मग गाडी उभी कशी करायची? गावाला घर उतारावर आहे.”

“गिअरमध्ये. तोंड चढाला असेल तर फर्स्ट, उताराला असेल तर रिव्हर्स. आणि चाकाला चिरा लावा. कोकणात चिऱ्यांना काय तोटा?”

एवढं सोपं उत्तर समितीला पटलं नाही. गाडी गिअरमध्ये टाकून ठेवली की इंजीनच चाकांना अडवतं, हे तत्त्व प्रत्येक मेकॅनिक सांगतो आणि प्रत्येक मालक ‘हो’ म्हणून पुन्हा हँडब्रेक ओढतो. कारण गिअरला ‘कर्रर्र’ नाही. काहीतरी ओढल्याशिवाय काही सुरक्षित झाल्यासारखं आपल्याला वाटतच नाही. लॉकडाउनमध्ये याची सामूहिक परीक्षा झाली. २५ मार्च २०२० पासून गाड्या जागच्या जागी उभ्या. दर रविवारी माणसं मास्क लावून खाली यायची, बॅटरी मरू नये म्हणून दहा मिनिटं इंजीन चालू ठेवायची, त्या धुरात एकमेकांना नमस्कार करायची आणि वर जायची. हँडब्रेक सोडून गाडी चार फूट पुढे-मागे करावी, हे फार थोड्यांना सुचलं. जूनमध्ये जरा मोकळीक मिळाली, पण तोवर पाऊस आला होता. त्या महिन्यात बॅटऱ्या ठणठणीत आणि चाकं जाम, असं चित्र गल्लोगल्ली होतं.

आता काही नव्या गाड्यांत हँडब्रेकच्या जागी बटण आलंय. बोटाने दाबलं की मागे बारीक घरघर होते, बस. खांद्याला कळ येत नाही म्हणून आमचे सेक्रेटरी ते दोनदा दाबतात. पहिल्यांदा लागतो, दुसऱ्यांदा सुटतो.

तळमजल्यावरचं कुटुंब पावणेनऊला निघालं. आजी मिस्त्रीला म्हणाल्या, तूही चल, जागा करू. मोदकपात्र मांडीवर घेऊन तो पनवेलपर्यंत गेला म्हणे.

तर यंदा ज्यांची गाडी पावसात नुसती उभी राहणार आहे त्यांना एवढंच सांगणं: सपाट जागा असेल तर हँडब्रेक खाली ठेवा, गिअर टाका, चाकाच्या पुढे-मागे एकेक वीट लावा, आणि आठवड्यातून एकदा गाडी चार हात हलवा. ती हलवण्याआधी विटा काढायला विसरू नका. आणि विटा विकत आणा. सोसायटीच्या तुळशीवृंदावनाच्या कठड्यातल्या दोन गेल्या महिन्यापासून गायब आहेत, त्या ज्यांनी नेल्या असतील त्यांनी कृपया ऑफिसात आणून द्याव्यात.